मुलाची आई म्हणून मला ब्लीकर दिसला

प्रिय ओंकार,

काल ‘जूनो’ बघताना तू पोट धरून हसलास. हसू मलाही आलं. तो बर्गरच्या आकाराचा फोन, आणि १६ वर्षांच्या त्या पोरीच्या तोंडाचा अखंड पट्टा! २००७ सालचा सिनेमा, डायब्लो कोडीची पहिलीच पटकथा, आणि तिला ऑस्कर. मला तर वाटतं, ते या तोंडाळ जूनोनेच मिळवून दिलं.

पण तू झोपलास आणि माझ्या डोक्यातून ब्लीकर काही जाईना, जूनोला ज्याच्यापासून दिवस गेले तो तिचा शाळेतला मित्र. मी मुलाची आई. मला तोच दिसत राहिला.

पोरगा वाईट नाही. बुजरा आहे, तिच्यावर जीव आहे त्याचा. पण तिचं पोट दिसायला लागतं तशी शाळेतली मुलं तिच्याकडे टक लावून बघतात, आणि तो आपला पळायचा सराव करत असतो. त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. लॉकरपाशी ती भडकते आणि सुनावते, की पुरावा स्वेटरखाली घेऊन तुला नाही फिरावं लागत. नेमका तेव्हा तू मोबाइल बघत होतास, म्हणून हे लिहितेय.

तुझ्या वेळी मी २६ वर्षांची होते, बाबा सोबत होते. तरी आठव्या महिन्यात रात्री कूस बदलायला मला भिंतीला हात लावावा लागायचा. हे सगळं सोळाव्या वर्षी, वर्गातल्या बाकावर बसून! बाकात पोट मावत नाही रे.

तुला योग्य वाटेल ते कर, असं तिला म्हणून ब्लीकर मोकळा होतो. निर्णय तिचाच, त्यात वाद नाही. पण सोनोग्राफीच्या खोलीत तिची सावत्र आई असते, मैत्रीण असते, तो नसतो. शेवटी शर्यत संपल्यावर ती दिसत नाही, तेव्हा त्याला उमगतं आणि तो तडक इस्पितळात धावतो, तिच्याशेजारी आडवा होतो. मला रडू आलं तिथे. पण तोवर दवाखान्याच्या सगळ्या खेपा तिने त्याच्याशिवायच घातल्या होत्या.

कंडोमबद्दल बाबांशी बोल, माझ्याशीही बोललास तरी चालेल. आणि तरीही कधी असं काही झालंच, तर पहिल्याच दिवशी तिच्यासोबत जा, तिची हरकत नसेल तर दोघं घरी या. बातमी कळल्यावर जूनोची सावत्र आई लगेच जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचं बघायला लागते ना, तशी मीही आधी ती जेवली आहे का ते विचारीन.

तुझी,
आई