गेम आणि ॲनिमेचं म्युझिक गोव्यात लाइव्ह वाजू द्या, आणि वाजवणाऱ्यांची नावं छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेम, ॲनिमे (जपानी कार्टून) आणि सिनेमाच्या म्युझिकचे मोठ्या ऑर्केस्ट्राचे कॉन्सर्ट हल्ली जगभर होतायत, तसा एक तरी कार्यक्रम गोव्यात दरवर्षी व्हायला पाहिजे, शक्य तितके इथलेच वादक घेऊन, आणि कार्यक्रमपत्रिकेत अरेंजरपासून (म्हणजे चाल वाद्यांत वाटून देणाऱ्यापासून) शेवटच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं छापून. हे सांगायलाच पत्र लिहितेय. थोडं लांबलंय, पण शक्यतो कापू नका.

आमच्याकडे बऱ्याच जाणत्या मंडळींना वाटतं की गेमचं म्युझिक म्हणजे पोरांच्या मोबाइलमधली टुंगटुंग, त्यासाठी चांगला हॉल कशाला अडवायचा. मी स्वतः भजनाला हार्मोनियमची साथ करते, नाट्यसंगीत ऐकत वाढलेय, आणि तरी मला हे बोलणं फार खटकतं. जपानमध्ये १९८७ सालीच कोइची सुगियामा या संगीतकाराने ड्रॅगन क्वेस्ट या गेमचं म्युझिक टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं होतं, गेम येऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि हा माणूस काही कॉलेजचा पोरगा नव्हता, पन्नाशी ओलांडलेला, टीव्हीसाठी आणि जाहिरातींसाठी भरपूर काम केलेला. कार्यक्रमाचं नाव ठेवलं फॅमिली क्लासिक कॉन्सर्ट, म्हणजे आईवडील आणि मुलं एकाच रांगेत बसून ऐकतील असा. मग २००३ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला, जिथे संगीतकार बाखने आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षं काढली त्या गावात, गेवांडहाउससारख्या नामांकित हॉलमध्ये गेम म्युझिकचा कॉन्सर्ट झाला, जपानबाहेरचा तसा पहिला. २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात सगळ्या देशांचे खेळाडू मैदानात आले ते गेमच्याच म्युझिकवर, सुरुवात त्याच सुगियामांच्या चालीने. २०२२ ला लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने पूर्ण एक संध्याकाळ गेम म्युझिकला दिली. आता यापुढे कोणी टुंगटुंग म्हणत असेल तर त्याने एकदा बसून ऐकावं, एवढीच माझी विनंती.

आणि त्या टुंगटुंगीच्या मागचं कामही बघा. जुन्या निन्टेंडोच्या गेमच्या मशीनमध्ये आवाजाचे एकूण पाच चॅनेल असायचे, दोन चालीसाठी, एक खालच्या सुरांसाठी, एक खरखरीचा, ज्यातून ढोलताशा काढायचा, आणि एक छोट्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांसाठी. त्यातही बंदुकीचा किंवा उडीचा आवाज आला की म्युझिकचा एखादा चॅनेल तेवढ्यापुरता गायब. एवढ्यात चाल बसवायची, आणि ती तासभर कानावर पडली तरी मुलाने टीव्हीचा आवाज बंद करू नये अशी बसवायची. ज्याने कधी भजनाला चाल लावलीय त्याला हे किती अवघड आहे ते सांगायला नको.

दुसरी गंमत म्हणजे गेमच्या चालीला शेवटच नसतो. खेळणारा गुहेत दहा मिनिटं अडकला तर चाल दहा मिनिटं फिरत राहणार, राक्षस समोर आला की त्या क्षणाला बदलणार. आमच्या जत्रेतल्या दशावतारी काल्यात हार्मोनियमवाला आणि पखवाजवाला कसे पात्रावर डोळा ठेवून बसतात, राजा रंगमंचावर यायला उशीर करतोय तर तेच आवर्तन घोळवत राहतात आणि त्याने पाऊल टाकलं की बरोबर उचलतात, अगदी तसंच हे काम आहे, फक्त इथे साथीदाराच्या जागी कॉम्प्युटर. आता अशी चाल स्टेजवर वाजवायची तर कोणीतरी तिला सुरुवात, मधला फुलोरा आणि शेवट लिहून द्यायला लागतो, पाच चॅनेलचं साठ-सत्तर वाद्यांत वाटायला लागतं, ओबोला काय, फ्रेंच हॉर्नला काय, व्हायोलाने गप्प कधी बसायचं. हे काम अरेंजरचं. कॉन्सर्टमध्ये अर्धी कमाल त्याची असते, आणि इथेच गोव्याचा संबंध येतो.

हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळात संगीतकार हार्मोनियमवर चाल द्यायचे, पण समोर बसलेल्या पन्नास-साठ लोकांपैकी कोणी कुठल्या मात्रेला काय वाजवायचं हे कागदावर उतरवायचं काम बहुतेक वेळा आमच्या गोंयकारांकडे असायचं. कारण सरळ होतं, पोर्तुगीज काळात इथल्या गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत, त्यामुळे समोर कागद ठेवला की लगेच वाजवणारी माणसं मुंबईच्या स्टुडिओंना गोव्यातून मिळाली. रेइश मागूशचे सेबास्तियन डिसोझा, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतले ते भरघोस व्हायोलिनचे ताफे त्यांच्या हातचे. हळदोण्याचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांबरोबर काम केलेले. आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि ज्यांचं नाव शिष्याने १९७७ च्या अमर अकबर अँथनी सिनेमातल्या गाण्यात घातलं. ते गाणं लहान पोरांनाही पाठ आहे, पण हा खरा माणूस होता, आपल्या सासष्टी तालुक्यातला होता, आणि त्याने १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून आपल्या रागांवरच्या रचना वाजवल्या, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले, हे शाळेत कोणी सांगतं का? मंगेशी गावाचं नाव लावणारा आवाज आणि माजोर्ड्याचं व्हायोलिन एकाच स्टेजवर, ही गोष्ट आम्हा गोंयकारांना पाठ हवी होती.

सिनेमाच्या टायटल्समध्ये मात्र या लोकांची नावं शोधावी लागतात. संगीतकाराचं नाव पडदाभर, अरेंजरचं असलंच तर बारीक अक्षरात असिस्टंट म्हणून, आणि वाजवणाऱ्यांचं तर नाहीच. म्हणून मी नावं छापा, नावं छापा करतेय. चांगल्या गेम कॉन्सर्टच्या पत्रिकेत संगीतकाराच्या खाली अरेंजरचं नाव असतं, मागे ऑर्केस्ट्राची पूर्ण यादी असते, आणि ऐकायला आलेली पोरं ती यादी वाचतात हो, क्रिकेट टीमसारखी वाचतात, कुठला अरेंजर कोणती चाल कशी फुलवतो यावर वाद घालतात. आपल्या पिढीने सिनेमाची गाणी ऐकताना असा वाद कधी घातला नाही.

माझा भाचा व्हायोलिन शिकतो. सुट्टीत त्याची मित्रमंडळी आमच्या पडवीत जमतात, दोन व्हायोलिन, एक चेलो, एक क्लॅरिनेट, कीबोर्ड, कोणी बोरीचा, कोणी मडगावचा. पंख्याने कागद उडतात म्हणून माझ्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे सगळे त्यांच्या स्टँडवर. भाचा सेकंड व्हायोलिन, आणि त्याचा पार्ट, म्हणजे कागदावर लिहिलेले त्याच्या वाट्याचे सूर, एकटा ऐकला तर तेच दोन सूर खर्रखर्र, खर्रखर्र, मधेच अकरा बार, म्हणजे तालाचे अकरा खंड, गप्प, तेव्हा हा ओठ हलवत मोजत बसतो आणि आत कोणी हाक मारली तरी ओ देत नाही. मला आधी कळेना हा काय शिकतोय. मग बाकीचे एकेक करून आत आले, चेलोने खालून धरलं, क्लॅरिनेटने चाल उचलली, आणि ती खर्रखर्र एकदम जंगलातल्या पानांसारखी हलायला लागली. तेव्हा समजलं की हाच तर धडा आहे, आपला आवाज दुसऱ्याच्या खाली ठेवून वाजवायचा. मोझार्टचा पार्ट त्याला क्लासमध्ये दिला की तो निमूट करतो, पण तो गेमचा पार्ट त्याने स्वतःहून रात्री बसून पक्का केला, बोटांना घट्टे पडेपर्यंत, आणि त्यानंतर मोझार्टही बरा वाजवायला लागला. शिकवणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

आता एक तक्रार. गेल्या सीझनला एका ठिकाणी सिंफनी म्हणून जाहिरात केलेला कार्यक्रम बघायला आम्ही गेलो, तिकीट चांगलंच महाग, आणि स्टेजवर चार तंतुवाद्यं आणि एक लॅपटॉप, बाकी सगळा ऑर्केस्ट्रा लॅपटॉपमधून येतोय. चार जण चांगले वाजवत होते, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही, चार जणांचा कार्यक्रम म्हणून जाहिरात केली असती तर मी आनंदाने टाळ्या वाजवल्या असत्या. पण माझ्या शेजारी बसलेली मुलगी आईला विचारत होती की ट्रम्पेट कुठे दिसत नाही, आणि आईकडे उत्तर नव्हतं. पहिल्यांदा ऑर्केस्ट्रा ऐकायला आलेल्या मुलांना असं फसवू नका. सिनेमा पडद्यावर लावून खाली लाइव्ह वाजवतात तेव्हा कंडक्टरच्या कानात तालाचा क्लिक असतो, समोरच्या छोट्या स्क्रीनवर रंगीत रेघा सरकतात, त्या हिशोबाने तो सत्तर लोकांना पडद्यावरच्या दाराच्या आवाजापर्यंत बरोबर आणून सोडतो. ती कसरत लाइव्ह असते म्हणून तर अंगावर काटा येतो.

तर करायचं काय. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत होतोय, दर नोव्हेंबरला सिनेमाची माणसं आपल्या दारात येतात. त्यातली एक संध्याकाळ लाइव्ह ऑर्केस्ट्राला द्या. पहिल्याच वर्षी पूर्ण सिनेमा लावून वाजवायचा हट्ट नको, ते खर्चिक आहे आणि तालमीही फार लागतात. सुरुवातीला जपानी संगीतकार जो हिसाइशी यांनी तोतोरो या ॲनिमे सिनेमाच्या संगीताची जी ऑर्केस्ट्रा स्टोरी केलीय ती घ्या, २००२ ची आहे, त्यात निवेदक गोष्ट सांगत जातो आणि एकेक वाद्य मुलांना ओळखीचं होत जातं. तिचं निवेदन एका वर्षी कोंकणीत करा, एका वर्षी मराठीत, आपल्या नाटकवाल्यांमध्ये एवढे सुंदर आवाज आहेत. दुसऱ्या भागात दोन-तीन गेमच्या चाली, आणि शेवटी गोंयकार अरेंजरांनी बांधलेली हिंदी गाणी, शब्दांशिवाय, फक्त ऑर्केस्ट्रा, म्हणजे लोकांना कळेल की गळ्याच्या मागे काय काय चाललेलं असायचं. आजोबा हिंदी गाण्यांसाठी येतील, नातवंडं गेमसाठी, आणि दोघं एकमेकांचं ऐकतील.

वादकांचं म्हणाल तर व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट वाजवणारे इथे आहेत, बँडवाले आहेत, चर्चच्या कॉयरमध्ये वाजवणारे आहेत. ओबो, बासून, हॉर्न वाजवणाऱ्यांना बाहेरून बोलवावं लागेल, त्यात कमीपणा कसला, मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे आणि तिथेही कितीतरी वादक परदेशातून येतात. त्यांच्यातले चार लोक आठवडाभर आधी आले आणि इथल्या मुलांच्या शेजारी बसले तर तीच मोठी शिकवणी होईल. परवाने मात्र रीतसर घ्या आणि पार्ट रीतसर भाड्याने आणा, नेटवरून उतरवलेल्या कागदांवर सरकारी कार्यक्रम नको, ज्या अरेंजरांच्या नावासाठी आपण भांडतोय त्यांचेच पैसे आपण बुडवायचे हे बरं दिसत नाही. आणि कार्यक्रम फक्त पणजीत ठेवू नका, फोंडा, मडगाव, कुडचडे, साखळी, सगळीकडे कलामंदिर नाहीतर रवींद्र भवन आहे, तिथे लहान ऑर्केस्ट्रा घेऊन जाता येईल, सत्तरी आणि काणकोण तालुक्यांतल्या मुलांना रात्री पणजीहून परत जायला बस मिळत नाही हे आयोजकांनी लक्षात ठेवावं.

शेवटचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात निकडीचा वाटतो. हिंदी गाण्यांचे पार्ट आज मिळवायचे कुठून? रेकॉर्डिंग झालं की बरेचसे कागद तिथेच राहिले, पुढे रद्दीत गेले. आता ती गाणी वाजवायची तर कोणालातरी रेकॉर्ड ऐकून ऐकून एकेक वाद्य कागदावर उतरवायला लागेल. हे महिनोन्‌महिन्यांचं काम आहे, कला आणि संस्कृती खात्याने त्यासाठी तरुण वादकांना मानधन द्यावं. आणि माजोर्डा, हळदोणे, रेइश मागूश, जिथून जिथून माणसं मुंबईला वाजवायला गेली तिथल्या घरांना माझी हात जोडून विनंती, माळ्यावरच्या पेटीत, जुन्या व्हायोलिनच्या केसमध्ये हाताने लिहिलेले स्वरांचे कागद सापडले तर भंगारवाल्याला देऊ नका, वाळवी लागण्याआधी फोटो तरी काढा. पणजीत पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीने असे कागद स्कॅन करून घ्यायची सोय करावी, आणि आपल्या पेपरने त्याची बातमी कोंकणी, मराठी, इंग्रजी सगळ्या वाचकांपर्यंत जाईल अशी करावी.

आपली नम्र,
एक वाचक, फोंडा