कडक झालेल्या हृदयासाठी पंपाची चाचणी वेगळीच हवी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर कृत्रिम हृदयपंपांची माहिती देणारा लेख वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु ज्यांचे हृदय दुबळे नसून कडक झाले आहे अशा रुग्णांचा उल्लेख त्यात नाही. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय शरीराच्या गरजेइतके रक्त नीट पुरवू शकत नाही अशा, रुग्णांपैकी सुमारे निम्मे याच प्रकारात मोडतात आणि त्यांत रक्तदाब व मधुमेह असलेली वयस्कर मंडळी, विशेषतः स्त्रिया, पुष्कळ असतात. इंदूरच्या मराठी घरांतही असे रुग्ण आहेत, म्हणून हे पत्र.

अशा रुग्णाच्या टू-डी इकोच्या अहवालात इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला डाव्या खालच्या कप्प्यातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण, 50 टक्के किंवा त्याहून अधिक असते. ‘पंपिंग चांगले आहे’ हे ऐकून घरचे निर्धास्त होतात आणि जिना चढताना लागणारी धाप वयाच्या खात्यावर टाकली जाते. वास्तविक डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, आकुंचन पावतो, पण भिंत ताठर झाल्यामुळे पुरेसा सैलावत नाही. तो भरण्यासाठी अधिक दाब लागतो आणि तोच दाब मागे डाव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्यात, व तेथून फुफ्फुसांत पोचतो.

आज वापरात असलेले जवनिकेचे पंप मुख्यतः पसरलेल्या, दुबळ्या हृदयासाठी घडवले गेले आहेत. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रीमॅच’ चाचणीत अखेरच्या टप्प्यातील 129 रुग्ण होते. वर्षभरानंतर पंप बसवलेल्यांपैकी 52 टक्के, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी 25 टक्के हयात होते. हे यश मोठेच, पण ते कडक हृदयाच्या नावावर जमा करता येत नाही. कडक जवनिकेची पोकळी लहान असते. तिच्या टोकाशी बसवलेली नळी रक्त ओढू लागली की भिंतच नळीच्या तोंडाशी खेचली जाऊन प्रवाह अडू शकतो. शिवाय अशा कप्प्यातील रक्त थोडे कमी झाले तरी दाब झपाट्याने उतरतो, म्हणजे लाभ आणि अपाय यांत अंतर फारच थोडे. म्हणून काही संशोधक रक्त थेट डाव्या कर्णिकेतून घेऊन धमनीत सोडणाऱ्या लहान पंपांचा विचार करत आहेत. त्याने फुफ्फुसांवरचा दाब उतरेल, पण जवनिकेत रक्त कमी पोचून ते साचले तर गुठळी होण्याची भीती राहते, आणि तीही तपासावीच लागेल.

ही तपासणी प्रयोगशाळेतील कृत्रिम रक्ताभिसरणाच्या मांडणीपासून सुरू होते. तिच्यात नळ्या, दाबाच्या कोठ्या आणि रक्ताइतका घट्टपणा यावा म्हणून पाणी-ग्लिसरीनचे मिश्रण असते. या मांडणीत जवनिकेचा ताठरपणा पायरीपायरीने वाढवता आला पाहिजे, आणि विश्रांतीबरोबरच श्रमाच्या वेळचे जलद ठोके व अनियमित ठोकेही धरले पाहिजेत, कारण यातील बऱ्याच रुग्णांना त्रास बसल्या जागी होत नाही, चालताना होतो. निरोगी जनावरावर पंप चालला एवढ्याने कडक हृदयाविषयी फारसे कळत नाही.

त्यापुढे रुग्णांवरील चाचणी तुलनात्मकच हवी. दोन कर्णिकांमध्ये छिद्र ठेवून दाब उतरवणारे उपकरण तर्काने अगदी पटणारे होते. तरीही 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 626 रुग्णांच्या चाचणीत एकंदरीत फायदा दिसला नाही. दुसरीकडे 2021 च्या मोठ्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीने हृदयविकाराने होणारे मृत्यू व हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण 21 टक्क्यांनी घटवले. म्हणून नव्या पंपाची तुलना आजच्या औषधांशी व्हावी, जुन्या उपचारांशी नव्हे. आणि शस्त्रक्रियेनंतरही नोंद वर्षानुवर्षे ठेवावी. मेंदूच्या गुंतागुंती व बंद पडण्याच्या तक्रारींमुळे हार्टवेअर हा मान्यताप्राप्त पंप 2021 मध्ये विक्रीतून काढून घ्यावा लागला, हे विसरता येणार नाही.

इंदूरकरांना हा विषय परका नाही. येथील औषधचाचण्यांवरून मोठा वाद झाला होता आणि 2012 मध्ये इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. त्या अनुभवामुळे चाचण्याच नकोत असे म्हणणे मला पटत नाही. त्या उघड आणि रुग्णाला समजतील अशा व्हाव्यात, एवढाच माझा आग्रह आहे. शहरात आयआयटी आहे, जुने अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालय आहे. या संस्थांनी मिळून कडक जवनिकेची मांडणी उभारावी, अशी विनंती आपल्या दैनिकाने त्यांच्यापर्यंत पोचवावी. आणि उद्या एखाद्या रुग्णाला अशा उपकरणाच्या चाचणीत येण्यास सुचवले गेले, तर संमतिपत्र त्याच्या भाषेत मागावे, नुकसानभरपाई कोण देणार हे लेखी घ्यावे आणि भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील नोंदणी क्रमांक घरच्यांनी स्वतः पडताळून पाहावा. ही नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियांत्रिकी अध्यापक, इंदूर