काठीआधी आमचा जिना बघणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन ती घरी आली तेव्हा सल्ले द्यायला रांग लागली होती. मामा म्हणत होते वॉकरच बरा, शेजारच्या काकू चार पायांच्या काठीवर अडून होत्या, आणि धाकट्याने चाकं, ब्रेक, बसायला सीट असलेला वॉकर मोबाइलवर पसंतही करून टाकला होता. मग आईला चालायला कोणता आधार द्यायचा हे ठरवायला तुम्ही आलात आणि विचारलंत, "आजी दिवसभरात कुठे कुठे जातात?"

गिरगावातल्या चाळीत याचं उत्तर ते किती मोठं असणार? खोली, गॅलरी, टोकाचा संडास, आणि संध्याकाळी जिना उतरून खाली भजनाला. ती सगळी वाट तुम्ही स्वतः चाललात. संडासाच्या दाराला मोजायची टेप लावलीत. वॉकर तिथून आडवा करूनच आत जाणार होता, आणि आडवा धरलेला वॉकर कसला आधार देतोय! म्हणून सुरुवातीला बिनचाकांचा वॉकर खोलीपुरता आणि पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, असं ठरवलंत. चाकांचा वॉकर ज्याला वेळेवर ब्रेक दाबता येतो त्याच्यासाठी, नाहीतर तो माणसाच्या पुढे पळतो, हे ऐकल्यावर धाकट्याने मोबाइल खिशात टाकला.

मग काठीची पाळी आली. दुखरा पाय उजवा म्हणून काठीही उजव्या हातात, यावर अख्ख्या चाळीचं एकमत होतं. तुम्ही ती डाव्या हातात दिलीत. नुसती दिली नाहीत, कारणही समजावलंत: उजव्या पायावर भार आला की कंबर डावीकडे कलू नये म्हणून उजव्या खुब्याचे स्नायू जोर लावतात, आणि त्या जोराचा दाब सांध्यावरच येतो. डाव्या हातातली काठी त्यातला वाटा उचलते. काठी आणि दुखरा पाय, दोन्ही एकदम पुढे.

उंचीसाठी आईला रोजच्या चपला घालून, हात सैल सोडून उभं केलंत. मूठ बरोबर मनगटाच्या घडीपाशी आली, धरल्यावर कोपर जरासं वाकलेलं. बटण टक्कन भोकात बसलं तसा तिथे माझ्या मुलीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलात. पोरांनी खेळताना उंची बदलली तर लगेच कळावं म्हणून.

काकूंचं मनही तुम्ही मोडलं नाहीत. लकव्याने एक बाजू कमजोर झालेल्यांना चार पायांची काठी चांगली, म्हणालात, पण तिचे चारही पाय एकदम टेकायला हवेत. आमच्या अरुंद लाकडी पायऱ्यांवर आणि खालच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर ती डुगडुगणारच. जिन्यासाठी कठडा आणि साधी काठी. चढताना चांगला पाय आधी. उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय. आई हे जिन्यात मोठ्याने म्हणत उतरते, खालच्या मजल्यावरच्या पोरांनाही आता पाठ झालंय.

तिला काठीची लाज वाटत होती, ते तुम्ही ओळखलंत. त्यावर भाषण न देता विचारलंत, "भजनात टाळ वाजवता ना?" मग मुठीला दोरी बांधून दिलीत. ती मनगटात अडकवली की काठी घसरून पडत नाही, आणि उचलायला वाकावं लागत नाही. त्या दिवसापासून लाजेचा विषय निघालेला नाही.

जाता जाता समोरच्या आजोबांना राष्ट्रीय वयोश्री योजनेबद्दलही सांगितलंत. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, कुबड्या मोफत देणारी ही योजना २०१७ पासून आहे, आणि आमच्या मजल्यावर कोणाला ती ठाऊक नव्हती.

पावसाळ्याआधी काठी उलटी करून खालचं रबर बघा, रेघा झिजल्या असतील तर बदला, असं बजावलं होतंत. बदललंय. तुमची फी आम्ही दिली, पण संडासाच्या दाराला टेप लावायचं काही त्यात धरलेलं नव्हतं, म्हणून हे पत्र. गुरुवारी भजन असतं. आईने बोलावलंय, साबुदाण्याची खिचडी असेल.

आपला,
पहिल्या मजल्यावरच्या आजींचा थोरला