स्थानकाच्या भिंतीला चुना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या भायखळा स्थानकाच्या जीर्णोद्धाराला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. वापरात नसलेल्या व्हिक्टोरियाकालीन दगडी स्थानकात गावासाठी वारसा केंद्र उभारायचे असेल, तर निविदेत ‘सिमेंट पॉइंटिंग’ (दगडांमधले सांधे सिमेंटने भरणे) हे शब्द आहेत का, ते आधी पाहावे. असल्यास खोडावेत.

काळा दगड पाणी जवळजवळ पीतच नाही. भिंतीतली ओल बाहेर पडते ती सांध्यांतल्या चुन्यातून. सांधे सिमेंटने बुजवले की ओल आत वळते, गिलावा फुगतो, लोणा धरतो. मग त्यावर ऑइलपेंट मारून ओल आणखी कोंडली जाते.

जुने सिमेंट छिन्नी-हातोडीनेच, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत काढावे. ग्राइंडर लावला की दगडाची कड गेलीच. कळीचा चुना तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरवून एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) आणि एक ते दीड भाग चाळलेली वाळू मळावी. भरलेल्या सांध्यांवर दहा-बारा दिवस ओले गोणपाट हवे. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावे. मे महिन्यात चुना वाळतो, पण धरत नाही. ‘मार्चअखेर निधी खर्ची टाका’ या घाईत इथेच घोळ होतो.

अर्थात त्याआधी छप्पर. फुटलेले मंगलोरी कौल दिसते, पण सागवानी कैचीचे (छपराला तोलणाऱ्या लाकडी सांगाड्याचे) टोक भिंतीत बसते तिथली कूज दिसत नाही. तिथे पेचकस टोचून पाहावा. सहज आत गेला, तर कुजलेला भाग कापून जुन्या सागाचा जोड द्यावा. अख्खी कैची बदलायची गरज नसते. फलाटावरचे बिडाचे खांब अनेकदा पोकळ असतात, छपराचे पाणी त्यांतूनच उतरते. वरचे तोंड पाल्याने तुंबले की खांब आतून गंजतो. तडकलेल्या बिडाला साधे वेल्डिंग करू नये, शेजारी नवी तड जाते.

दगडावरचा रंग काढायला सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार फवारा) नको. शेजारून गाड्या जात असतील, तर फलाटाच्या बाजूला पक्के कुंपण घालून प्रवेश रस्त्याकडून द्यावा. तिकीटघराची खिडकी मात्र बुजवू नका, वाचनालयाची पुस्तके द्यायला ती तयारच आहे.

आणि दरवर्षी मेमध्ये पन्हळी व खांबांची तोंडे साफ करण्याची तरतूद करारातच लिहून घ्यावी.

आपले,
जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत काम करणारे काही अभियंते