झेड कोणाचा? एका ताईंचे जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं 'ताई'. आमच्या साताऱ्यातल्या पतसंस्थेचा संगणक विभाग म्हणजे मी एकटाच, हे तुम्हाला ठाऊक आहे. मार्चअखेरच्या त्या रात्री डेटाबेस सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली होती. बॅकअप शेजारच्या फाइल सर्व्हरवर न्यायचा होता आणि मी पार मेटाकुटीला आलो होतो.

फाइल सर्व्हरवरचं फोल्डर मी झेड ड्राइव्ह म्हणून जोडून घेतलं होतं. ते उघडत होतं, त्यात फाइलही टाकता येत होती. पण एसक्यूएल सर्व्हरला, म्हणजे आमचा डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, 'झेडवर बॅकअप घे' म्हटलं की एकच उत्तर: ऑपरेटिंग सिस्टिम एरर ३, म्हणजे असा रस्ताच सापडत नाही. ड्राइव्ह तोडून पुन्हा जोडला, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन करून जोडला, सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला. डोळ्यांसमोर दिसणारी गोष्ट हा नाही कशी म्हणतो!

फोनवर माझं सगळं रडगाणं ऐकून घेऊन तुम्ही एवढंच विचारलंत, "झेड कोणाचा?"

मी म्हटलं, फाइल सर्व्हरचा. तुम्ही हसलात. मग सांगितलंत की ड्राइव्हचं अक्षर मशीनचं नसतं, ज्यानं लॉगिन केलं त्याच्या सेशनचं, म्हणजे त्या लॉगिनपुरत्या बैठकीचं असतं. माझा झेड माझ्यापुरता. एसक्यूएल सर्व्हर ही सर्व्हिस, म्हणजे कोणी लॉगिन केलेलं नसलं तरी पडद्याआड चालणारा प्रोग्राम. ती स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या सेशनमध्ये चालते. कमांड मी देत असलो तरी फाइल लिहिणार ती, आणि तिच्या लेखी झेड जन्मालाच आलेला नाही. "घरात बाळ्या म्हणतात म्हणून पोस्टमनला बाळ्या सापडेल का?" हे तुमचं वाक्य आता मी शाखेतल्या पोरांना माझंच म्हणून ऐकवतो. माफी असावी.

एक आडवाट मी तेवढ्यात शोधून ठेवली होती: एक्सपी कमांडशेल (डेटाबेसमधून विंडोजच्या कमांड चालवायची सोय) चालू करायचं आणि डेटाबेसच्या आतूनच नेट यूज (ड्राइव्ह जोडायची कमांड) चालवून सर्व्हिसच्या सेशनमध्ये झेड जोडायचा. चालतं ते, हेही तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. पण सर्व्हिस रीस्टार्ट झाली की पुन्हा जोडा, स्क्रिप्टमध्ये पासवर्ड उघडा ठेवा, आणि मुळात बंद असलेलं एक धोक्याचं दार पतसंस्थेच्या डेटाबेसला कायमचं उघडं. "रात्र निभेल, पण नंतर झोप लागायची नाही," म्हणालात.

मग पूर्ण पत्ता, म्हणजे यूएनसी पाथ दिला: दोन उलटे स्लॅश, सर्व्हरचं नाव, शेअरचं नाव, पुढे फोल्डर आणि फाइल. एरर आलीच, पण आता ५. मी कपाळाला हात लावला आणि तुम्ही म्हणालात, "अभिनंदन!" ३ म्हणजे घर सापडलं नाही, ५ म्हणजे घर सापडलं, पण दारात अडवलं. रात्री साडेअकराला एररबद्दल अभिनंदन करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

दारात कोण उभं आहे, हेही तुम्हीच शोधायला लावलंत. सर्व्हिसचं खातं होतं 'एनटी सर्व्हिस' घराण्यातलं. ते त्या मशीनपुरतं. डोमेनमध्ये, म्हणजे संस्थेच्या एकत्र सांभाळलेल्या संगणकांच्या जाळ्यात, बाहेर पडलं की ते मशीनच्या खात्यानं, म्हणजे संगणकाचं नाव आणि शेवटी डॉलरचं चिन्ह, या नावानं वावरतं. परवानगी त्याला द्यायची. मी नाव टाकलं तर सापडेना! कारण परवानगी द्यायच्या त्या खिडकीत शोधायच्या यादीत संगणक मुळात धरलेलेच नसतात, 'ऑब्जेक्ट टाइप्स'मध्ये जाऊन टिक करावी लागते. या एका टिकेपायी माझी रात्र गेली असती. परवानगी शेअरवर आणि फोल्डरवर, दोन्हीकडे द्यायची, हे तुम्ही दोनदा म्हणालात, आणि तरी मी एकीकडे विसरलोच.

बाराच्या सुमारास बॅकअप पूर्ण झाला. मी आभार मानून फोन ठेवणार, तर तुम्ही थांबवलंत: "व्हेरिफाय करा. आणि उद्या दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा." बॅकअप तपासला, त्यातून डेटाबेस पुन्हा उभा केला. पतसंस्थेची सगळी खाती जुळली.

तुमचा आमचा ना करार, ना बिल. निदान कंदी पेढे तरी पाठवू द्या. पत्ता कळवा, पण पूर्ण हं, पिनकोडसकट. नुसतं 'ताई' लिहून पार्सल पोचायचं नाही.

आपला,
पतसंस्थेचा एकांडा संगणकवाला