जॉर्डनच्या त्या भाषणाबद्दल

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली मायकेल जॉर्डनच्या भाषणाची क्लिप बघितली. ‘एवढा मोठा खेळाडू आणि इतका कोत्या मनाचा?’ हा तुझा प्रश्न सप्टेंबर 2009 पासून लोक विचारतायत. कॉलेजच्या अंकासाठी तू चाहत्यांच्या प्रतिक्रियांवरच लिहिणार असशील, तर ती क्लिप आधी बाजूला ठेव आणि ते भाषण सलग बघ. साधारण 23 मिनिटांचं आहे. यूट्यूबवर त्याच्या बऱ्याच प्रती सापडतील. काहींत आधीची गौरवफीत धरलेली असते, काहींत नसते, त्यामुळे मिनिटांचा मेळ बसत नाही. एकच प्रत धर आणि शेवटपर्यंत तिचीच वेळ लिही.

वहीत चार रकाने आख. वेळ, कोणाचं नाव घेतलं, तो माणूस तिथे समोर होता का, आणि लोक हसले का. हशाचा रकाना चुकवू नकोस. छापील मजकुरात हशा येत नाही, आणि या भाषणाबद्दलचं निम्मं भांडण तिथेच सुरू होतं.

प्रसंग असा. 11 सप्टेंबर 2009, मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड, बास्केटबॉलचं हॉल ऑफ फेम. जॉर्डन शेवटचा निवृत्त झाला 2003 मध्ये. त्या वर्षी त्याच्याबरोबर डेव्हिड रॉबिन्सन, जॉन स्टॉक्टन, प्रशिक्षक जेरी स्लोन आणि सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर यांचाही सन्मान होता. जॉर्डनने मंचावर सोबतीला बोलावलं डेव्हिड थॉम्प्सनला. थॉम्प्सन नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा, म्हणजे जॉर्डनच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा हिरो. लोक तिथेच बुचकळ्यात पडले होते.

बोलायला उभा राहिला आणि आधी रडला. मग सुरुवातीलाच शिकागो संघातला सोबती स्कॉटी पिपेनचं नाव घेतलं, मी जिंकलेल्या प्रत्येक अजिंक्यपदात हा होता म्हणाला. पुढे आई, भावंडं, मुलं. ‘त्याने कोणाचे आभारच मानले नाहीत’ असं जिथे वाचशील, तिथे समज की लिहिणाऱ्याने भाषण पूर्ण पाहिलेलं नाही.

आता लिरॉय स्मिथचा भाग, तो मात्र दोनदा बघ. विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये 1978 साली मोठ्या संघात लिरॉयला घेतलं आणि जॉर्डनला कनिष्ठ संघात ठेवलं. ‘शाळेने त्याला हाकलून दिलं’ ही दंतकथा आहे, ती लिहू नकोस. कारण साधं होतं: संघाला उंची हवी होती, लिरॉय साडेसहा फुटांवर होता आणि जॉर्डन तेव्हा सहा फुटांच्या आत. एकतीस वर्षांनी जॉर्डनने त्याच लिरॉयला कार्यक्रमाला बोलावलं आणि मंचावरून सांगितलं की याची उंची काही वाढलेली नाही, खेळही बहुतेक तेवढाच असेल. आणि ज्या प्रशिक्षकाने याला निवडलं त्याला कळायला हवं होतं की चूक झाली. नुसतं वाचलं तर विषारी वाटतं. पण जॉर्डन हॉटेलात खोली घ्यायचा ती लिरॉय स्मिथ या नावाने, आणि त्याच वर्षी त्याच्या बुटांच्या ब्रँडने लिरॉयच्या नावावर विनोदी जाहिरातींची मालिका काढली होती. हे ठाऊक असलेल्यांना ही जुनी टपली वाटली. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना माणूस तीन दशकं डूख धरून बसलेला दिसला. दोघांनी तेच वाक्य ऐकलं होतं.

बाकीची नावं भराभर येतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मासिकाच्या मुखपृष्ठावर आपल्याला न घेणारे तिथले प्रशिक्षक डीन स्मिथ. 1985 च्या ऑल-स्टार सामन्यात त्याला चेंडूच दिला नाही अशी बोलवा होती, त्यातले डेट्रॉइटचा आयझाया थॉमस, मॅजिक जॉन्सन आणि जॉर्ज गर्विन (त्या सामन्यात जॉर्डनचे गुण अवघे 7). जॉर्डनच्या मैत्रीला फसवेगिरी म्हणणारा न्यूयॉर्कचा तेव्हाचा प्रशिक्षक जेफ व्हॅन गंडी. आणि युटाचा ब्रायन रसेल: जॉर्डन पहिल्यांदा निवृत्त झालेला असताना 1994 मध्ये हा त्याला म्हणाला होता की तू सोडलंस का, मी तुला अडवू शकलो असतो. 14 जून 1998 ला, 5.2 सेकंद उरलेले असताना, ज्याच्यासमोरून जॉर्डनने विजयी बास्केट केली तो हाच. जॉर्डनच्या शिकागोने युटाविरुद्धचा तो सामना 87-86 असा जिंकला, त्यात जॉर्डनचे 45. एवढं करूनही 2009 मध्ये तो म्हणतो की हा मला शॉर्ट्समध्ये दिसला तर मी त्याच्यावर चालून जाईन. हसूही येतं आणि ‘अरे, आता पुरे’ असंही वाटतं. अशा ठिकाणी चाहता कोणत्या गावचा आहे ते बघ. शिकागोवाल्याला हेच इंधन वाटतं. डेट्रॉइट, न्यूयॉर्क किंवा युटाच्या माणसाला ती जखमेवर मिरची.

माझं मत विचारशील तर जॉर्डनची खरी चूक एकच, जेरी क्राऊसबद्दल बोलला ती. शिकागो संघाचा हा जुना व्यवस्थापक तिथे हजर नव्हता. जॉर्डन म्हणाला की त्याला कोणी बोलावलं माहीत नाही, मी तरी नाही. आणि युटात आजारपणात मी खेळलो होतो, संघटना (म्हणजे संघाचा कारभार बघणारे) खेळली नव्हती. (11 जून 1997 चा सामना, 38 गुण.) टोमणा क्राऊसच्या एका वाक्याला होता: अजिंक्यपदं संघटना जिंकतात. क्राऊस मात्र कायम सांगत राहिला की मी ‘नुसते खेळाडू आणि प्रशिक्षक जिंकत नाहीत, संघटना जिंकते’ असं म्हणालो होतो, छापताना ‘नुसते’ गळलं. 1987 मध्ये पिपेन आणि होरेस ग्रँटला आणणारा हाच माणूस, 1989 मध्ये फिल जॅक्सनला मुख्य प्रशिक्षक करणाराही हाच. इतरांवरच्या टपल्यांत निदान आपुलकीला जागा होती. इथे समोर उत्तर द्यायला कोणी नव्हतं, आणि पाठीमागे आपलेपणाही नव्हता. टीकाकारांना मी इथे पूर्ण गुण देतो.

प्रतिक्रियांना तारखा लाव, नाहीतर सगळा काला होईल. पहिला थर लगेचच्या स्तंभांचा: याहू स्पोर्ट्सच्या एड्रियन वोज्नारोव्स्कीने कोतेपणाबद्दल चांगलीच सालटी काढली, आणि रॉबिन्सनचं आटोपशीर, कृतज्ञ भाषण शेजारी ठेवून लोक तुलना करू लागले. दुसरा थर 2013 चा, जॉर्डन पन्नाशीचा झाला तेव्हाचा. कारण ‘पन्नाशीतही मी खेळताना दिसेन, हसू नका’ असं तो शेवटी म्हणाला होता. तिसरा थर त्या रडक्या चेहऱ्याचा. असोसिएटेड प्रेसच्या स्टीफन सॅव्होयाने टिपलेला तो फोटो सुरुवातीच्या अश्रूंचा, म्हणजे माणूस भारावलाय. मीममध्ये मात्र तो हरणाऱ्याच्या धडावर चिकटवतात. एप्रिल 2016 मध्ये व्हिलानोव्हा विद्यापीठाने शेवटच्या क्षणी जॉर्डनच्या नॉर्थ कॅरोलायनाला 77-74 हरवलं आणि जॉर्डन स्वतः प्रेक्षकांत होता; त्या रात्री चेहऱ्याचा पाऊस पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओबामांनी त्याला पदक देताना मीमचा उल्लेख केला, आणि 24 फेब्रुवारी 2020 ला बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटच्या शोकसभेत रडता रडता जॉर्डननेच म्हटलं की आता पुढची काही वर्षं मला आणखी एक रडका मीम बघावा लागणार. सभागृह हसलं. हे तुझ्या चौथ्या रकान्यात जाईल, पण स्वतंत्र पानावर.

लिहिताना आणखी दोन गोष्टी सांभाळ. आपोआप येणाऱ्या सबटायटल्सवर विसंबू नकोस, त्यात नावांची वाट लागते. ब्रायन रसेलचा बिल रसेल झाला तर जाणकार वाचक तिथेच पान उलटेल. आणि प्रतिक्रिया उचलताना त्या माणसाने 23 मिनिटं पाहिली होती की क्लिप, हे त्याच्या मजकुरातून कळतं का बघ. पिपेनचा किंवा आईचा उल्लेख असेल तर बहुधा पाहिलेलं असतं. फक्त लिरॉय आणि क्राऊस असतील तर शंका घे.

कच्चा मजकूर झाला की पाठव, तारखा आणि आकडे मी तपासून देतो. आई विचारतेय, सुट्टीत कधी येतेस.

तुझा,
बाबा