ताई, तुम्ही बाहेर जाऊन वारा बघितलात

ताई,

तुमचं नाव लिहायचं नाही, असं तुम्ही फोनवर निक्षून सांगितलंत, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र उघड लिहिते आहे, कारण ही गोष्ट दोघींतच राहावी असं मला वाटत नाही. दापोली तालुक्यात समुद्राला लागून एका वाडीत म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे, तिथे रात्रपाळीला तुम्ही असता, आणि एप्रिलपासून माझे बाबा तिथे राहतात. एवढी ओळख पुरे.

बाबांनी ३४ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवला. खारे वारे आणि मतलई वारे हा त्यांचा लाडका धडा. फळ्यावर डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला डोंगर. दिवसाचा बाण समुद्राकडून जमिनीकडे, रात्रीचा उलटा. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी सगळंच सावकाश करतं, म्हणून वारा दिवसातून दोनदा फिरतो. हे ते इतक्या आनंदाने सांगायचे की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वहीत बाण काढायची. स्वतः मात्र ते समुद्रकाठी चार दिवसांच्या वर कधी राहिले नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं वाढलं. नावं गेली, जेवलो की नाही तेही आठवेनासं झालं. एक प्रश्न तेवढा राहिला : "वारा कुठून आहे?" दिवसातून वीस-पंचवीस वेळा, आणि रात्रीही.

आधी ते शहरातल्या एका नावाजलेल्या ठिकाणी होते. संगमरवरी लादी, एसी, घरबसल्या मोबाइलवर खोली दिसेल असे कॅमेरे. खिडकी मात्र उघडायची सोय नव्हती. बाबांनी वारा विचारला की तिथला माणूस म्हणायचा, "आजोबा, गप झोपा." मी तक्रार केली तेव्हा मला समजावण्यात आलं की अशा पेशंटला उत्तर द्यायची गरज नसते, त्यांच्या लक्षात राहत नाही. संध्याकाळनंतर पाणीही बेताने द्यायचे, कारण रात्री चादर बदलावी लागते. मार्चमध्ये उकाडा वाढला. पाणी कमी, जेवण अर्धं टाकलेलं, आणि लघवीची गोळी रोजची चालूच. एका सकाळी ते उठेनात. रक्तातलं सोडियम ११८. ते १३५च्या खाली जाऊ नये, हे मला त्या दिवशी कळलं. सहा दिवस दवाखान्यात काढल्यावर मी त्यांना परत तिथे नेलं नाही.

कोकणात न्यायचं म्हटल्यावर नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. ऐन उन्हाळ्यात, त्या घामात, एसी नसलेल्या कौलारू घरात? त्यांचं सगळंच चूक होतं असंही नाही. हवामान खात्याच्या हिशेबात मैदानात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार होतो, किनाऱ्यावर ३७पासूनच. बातम्यांत ३५ ऐकून पुण्याचा माणूस म्हणतो, काय एवढं. पण तिथे घाम वाळतच नाही, आणि वाळला नाही तर अंग निवत नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली नीट कळतच नाही. तुमच्या वाडीतल्या निम्म्या पोफळी ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आडव्या झाल्या. नव्या लावलेल्या अजून पुरेशा वाढल्या नाहीत, त्यामुळे दुपारी दोननंतर पश्चिमेच्या भिंतीवर ऊन थेट येतं. हे सगळं मी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि माझा धीर सुटत होता.

मग तुमच्याकडचा दिवस पाहिला. सकाळी उकड्या तांदळाची पेज, मीठ घातलेली, बरोबर लोणच्याची फोड. नऊनंतर वारा पडतो तेव्हा सगळे पडवीत येऊन बसतात, कोणी काहीच बोलत नाही. अकराच्या सुमारास समुद्राकडून पहिली झुळूक येते आणि त्या झुळकीबरोबर गप्पा सुरू होतात, हे मी दोनदा घड्याळ लावून बघितलं. दुपारी जिरं-मीठ घातलेलं कोकम. मे महिन्यात रातांबे फोडायला बसलेल्या आजी, हात कोपरापर्यंत लाल. हापूसवरून चालणारी भांडणं : मधुमेहवाल्यांना एकच फोड, आणि ती फोड केवढी यावरून रोजचा वाद. मला तो वाद फार आवडला. माणसं भांडतात म्हणजे त्यांना अजून काहीतरी हवं असतं. शहरातल्या त्या हॉलमध्ये कोणी कधी भांडलं नव्हतं.

बाबांची खाट तुम्ही लोकांनी दोन खिडक्यांच्या मध्ये ठेवली. दिवसा डोकं पश्चिमेला, रात्री खाट ओढून पूर्वेच्या खिडकीशी. लादीवर त्या खाटेच्या पायांचे चार ओरखडे उठलेत.

पण मी पत्र लिहायला बसले ते त्या मे महिन्यातल्या रात्रीमुळे. मी मुक्कामाला होते, हॉलला लागून असलेल्या खोलीत. एकच्या सुमारास लाइट गेली. पंखा थांबला तशी माझी झोप उडाली, पाठीखालची चादर भिजलेली. पलीकडून बाबांचा आवाज आला, "वारा कुठून आहे?"

आता मला कबूल करायला हवं. मी त्यांना या प्रश्नाचं उत्तर द्यायचे, पण कधी बघून दिलं नाही. फोनवर बोलता बोलता, भाजी चिरता चिरता म्हणायचे, "पश्चिमेकडून, बाबा." ते विसरणारच होते. दोन वर्षं मी त्यांना रोज खोटा वारा सांगितला आणि त्यात काही वाईट आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

तुम्ही म्हणालात, "गुरुजी, हे कोकम घ्या. दोन घोट घेईस्तोवर मी बघून येते." मला वाटलं, दाराशी उभ्या राहाल आणि काहीतरी सांगाल. कडी वाजली. मी खिडकीतून बघितलं. तुम्ही अंगणात उतरलात, चपला न घालता माडापर्यंत गेलात, पदराचं टोक हातात उंच धरून उभ्या राहिलात. इकडे वळलात, तिकडे वळलात. बराच वेळ. सगळं घर अंधारात होतं, मी जागी आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुमच्या घरची माणसं होडीवर जातात, तुम्हाला वारा अंदाजानेही सांगता आला असता.

आत येऊन तुम्ही म्हणालात, "गुरुजी, पडलाय. समुद्राकडचा थांबला, डोंगराकडचा अजून सुटला नाही."

बाबा म्हणाले, "वैशाखात मतलई कमीच. पहाटे बघा."

"बघते."

आणि पहाटे चारला कडी पुन्हा वाजली, ताई. बाबा गाढ झोपले होते, विचारायला कोणी नव्हतं, तरी तुम्ही गेलात. येऊन खाटेशी वाकून हळूच म्हणालात, "सुटलाय थोडा." मी उशीत तोंड खुपसून रडले.

सकाळी मी विषय काढला तर तुम्हाला नवल वाटलं. "विचारतात तर बघायला नको?" एवढंच. मला चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं वाटायचं. देणगीचा फलक, पुरस्कार, निदान सुट्टी टाकून धावून येणं. साधं 'बघून सांगणं' इतकं दुर्मिळ झालंय हे मला कळलं नव्हतं. बँकेत, दवाखान्यात, सरकारी खिडकीवर, आणि माझ्या स्वतःच्या घरात, समोरच्याला कळणार नाही म्हटल्यावर आपण काहीही सांगून मोकळे होतो. विसरणाऱ्या माणसालाही खरं उत्तर मिळायला हवं, असं मानणारं कोणी रात्री एक वाजता त्या अंगणात उभं होतं.

त्या दोन घोटांची गंमत मला नंतर उमगली. बाबा पाणी नको म्हणतात, पण उत्तराची वाट बघताना पितात. दिवसातून वीस वेळा प्रश्न, वीस वेळा दोन घोट. परवाच्या रिपोर्टमध्ये सोडियम १३७ आलं. डॉक्टरांनी गोळीही बदलून दिली होती, तिचाही वाटा असणारच. मी मनात कोणाचे आभार मानले ते सांगायला नको.

मागच्या आठवड्यात तुमचाच फोन आला. मासेमारी बंद झाल्यामुळे घरचे सगळे घरी आहेत म्हणालात, आणि मग, "गुरुजींचं काहीतरी सांगायचंय." रात्री त्यांनी नेहमीचं विचारलं. तुम्ही बघून आलात आणि सांगितलंत की समुद्राकडूनच आहे, नैऋत्येकडून. मध्यरात्री पुन्हा तेच, पहाटेही तेच. "आज फिरलाच नाही, गुरुजी."

बाबा उठून बसले म्हणे. म्हणाले, "मग आला."

सकाळी सातला कौलांवर पाऊस वाजायला लागला.

रविवारी येते आहे. ते ओरखडे उठलेल्या लादीवर खाट आता ओढू नका, चाकं लावून घेऊ, सुतार मी बघून ठेवलाय. आणि त्या रात्री तुमच्यासोबत अंगणात येईन म्हणते. वारा कसा बघायचा ते मला दाखवा.

तुमची,
गुरुजींची मुलगी